उत्तरायणाच्या सुट्ट्यांआधी विंडोज लॉगची तयारी

१४ आणि १५ जानेवारीला, म्हणजे उत्तरायण आणि वासी उत्तरायणाला, वडोदऱ्यातील पुष्कळ कार्यालये बंद असतात. मकरपुरा जीआयडीसी या औद्योगिक वसाहतीतील लहान कारखान्यांमध्ये सर्व्हर मात्र चालू राहतात आणि त्यांच्याकडे पाहणारे कोणी नसते. त्या दोन दिवसांत आत शिरणारा माणूस स्वतःची हत्यारे घेऊन येईलच असे नाही. पॉवरशेल, सर्टयुटिल, डब्ल्यूएमआय, नेटश, शेड्यूल्ड टास्क ही सगळी साधने विंडोजबरोबरच येतात, त्यांच्यावर मायक्रोसॉफ्टची सही असते, आणि आपणही रोज तीच वापरत असल्यामुळे अँटिव्हायरस सहसा त्यांच्या वाटेला जात नाही. मे २०२३ मध्ये अमेरिका आणि तिच्या सहयोगी देशांच्या यंत्रणांनी ‘व्होल्ट टायफून’ या हॅकर गटाविषयी दिलेल्या इशाऱ्यात हीच पद्धत वर्णिलेली होती. फेब्रुवारी २०२४ च्या इशाऱ्यात तर काही ठिकाणी हा गट किमान पाच वर्षे आत होता असे नमूद आहे. अशा वावराचा माग मुख्यतः लॉगमधूनच, म्हणजे विंडोज स्वतः लिहून ठेवते त्या नोंदींतूनच लागतो, आणि तोही लॉग आधीपासून नीट लिहिला जात असेल तरच.

पॅच, पासवर्ड, बॅकअप आणि अँटिव्हायरस झालेले आहेत असे धरतो.

सर्वांत आधी इव्हेंट ४६८८. नवीन प्रोसेस, म्हणजे एखादा प्रोग्राम, सुरू झाली की सिक्युरिटी लॉगमध्ये ही नोंद पडते, परंतु त्यासाठी ॲडव्हान्स्ड ऑडिट पॉलिसीतील ‘ऑडिट प्रोसेस क्रिएशन’ चालू करावे लागते. येथेच बहुतेकांचे काम संपते, आणि येथेच गेल्या वर्षी आमचेही संपले होते. सुट्टीनंतर तपासाला बसलो तेव्हा सर्टयुटिल चालल्याची नोंद होती, वेळ होती, खात्याचे नावही होते, पण ‘प्रोसेस कमांड लाइन’ हा रकाना कोरा होता. सर्टयुटिलने एखादे प्रमाणपत्र तपासले की इंटरनेटवरून फाइल उतरवली, हे त्या रकान्याशिवाय कोणीही सांगू शकत नाही. हा रकाना आपोआप भरत नाही. त्यासाठी ग्रुप पॉलिसीत (सर्व यंत्रांना एकाच ठिकाणाहून सेटिंगे देण्याची विंडोजची सोय) ॲडमिनिस्ट्रेटिव्ह टेम्प्लेट्स, त्याखाली सिस्टम आणि त्याखाली ऑडिट प्रोसेस क्रिएशन येथे जाऊन कमांड लाइन समाविष्ट करण्याचे वेगळे सेटिंग चालू करावे लागते. ही दोन सेटिंगे आहेत आणि दोन्ही लागतात. कृपया हे वाक्य पुन्हा वाचावे.

पॉलिसी लावली म्हणजे ती पोहोचली असेही समजू नये. प्रत्येक सर्व्हरवर, आणि लेखा विभागातील किमान एका संगणकावर, नोटपॅड एखाद्या अर्थहीन शब्दासह कमांड प्रॉम्प्टवरून उघडावे आणि तो शब्द ४६८८ मध्ये उमटला आहे की नाही हे स्वतःच्या डोळ्यांनी पाहावे. उमटला नसेल तर जुन्या पद्धतीची ऑडिट पॉलिसी ॲडव्हान्स्ड ऑडिट पॉलिसीतील उपवर्गांवर कुरघोडी करत आहे का हे तपासावे. उपवर्गांना प्राधान्य देणारे सेटिंग सिक्युरिटी ऑप्शन्समध्ये आहे. एक धोकाही लक्षात ठेवावा. कमांड लाइन नोंदवली जाऊ लागली की बॅच फाइलमधून दिलेले पासवर्डही लॉगमध्ये उघडे दिसतात. म्हणून ते पासवर्ड आधी काढून टाकावेत आणि सिक्युरिटी लॉग वाचण्याची परवानगी मोजक्या लोकांनाच द्यावी. पण या भीतीने रकाना बंद ठेवू नये.

दुसरे काम कंटाळवाणे आहे आणि तरीही टाळता येणार नाही: आपले स्वतःचे नित्याचे व्यवहार लिहून काढणे. रात्री टॅलीचा बॅकअप घेणारी बॅच फाइल कोणत्या खात्याने, किती वाजता, कोणत्या सर्व्हरवर चालते? ईआरपीच्या (कारखान्याचा सगळा व्यवहार सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरच्या) सेवेसाठी बाहेरचा माणूस कोणत्या खात्याने आत येतो? पॉवरशेल नेमके कोण वापरते? हे कागदावर नसेल तर सुट्टीच्या दिवशी येणारी प्रत्येक सूचना संशयास्पद वाटते, आणि चार खोट्या सूचनांनंतर माणूस पाचवी उघडतच नाही. हल्लेखोर आपल्याच साधनांनी काम करतो, तेव्हा त्याला वेगळे दाखवतात त्या खाते, वेळ, यंत्र आणि कमांड लाइन या गोष्टी. लेखा विभागातील संगणकावर वर्डच्या पोटातून पॉवरशेल सुरू झाले, किंवा वेब सर्व्हरच्या प्रोसेसने कमांड प्रॉम्प्ट उघडला, तर त्यावर चर्चा नको. यंत्र लगेच नेटवर्कपासून वेगळे करावे. सर्व्हर सांभाळणाऱ्यांनी रोजच्या कामासाठी एक आणि सर्व्हरच्या प्रशासनासाठी दुसरे अशी दोन खाती ठेवली, तर ही छाननी कितीतरी सोपी होते.

पॉवरशेलसाठी स्क्रिप्ट ब्लॉक लॉगिंग चालू करावे. इव्हेंट ४१०४ मध्ये प्रत्यक्ष चाललेला मजकूर मिळतो, आणि एन्कोड करून दिलेला आदेशही उलगडलेल्या रूपात दिसतो. पॉवरशेलची जुनी २.० आवृत्ती शिल्लक असेल तर ती काढून टाकावी, कारण तिच्यात ही नोंदच होत नाही आणि हल्लेखोर मुद्दाम तिच्याकडे वळतात.

आता लॉगचा आकार. विंडोज १० सारख्या वर्कस्टेशनवर सिक्युरिटी लॉगची मूळ मर्यादा २० एमबी असते आणि ती भरली की जुन्या नोंदींवर नव्या लिहिल्या जातात. कमांड लाइन चालू केल्यावर हा लॉग आणखी लवकर भरतो, म्हणजे १४ तारखेच्या पहाटेची नोंद कामावर परतेपर्यंत शिल्लक राहीलच याची खात्री नाही. आकार वाढवावा, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे नोंदी दुसऱ्या यंत्रावर पाठवाव्यात. त्यासाठी विंडोजमध्येच असलेल्या इव्हेंट फॉरवर्डिंगला वेगळा परवाना विकत घ्यावा लागत नाही. फक्त नोंदी पाठवणाऱ्या प्रत्येक यंत्रावर नेटवर्क सर्व्हिस या खात्याला ‘इव्हेंट लॉग रीडर्स’ गटात घालावे. नाही तर सिस्टम लॉग येत राहतो, सिक्युरिटी लॉग येत नाही, आणि सगळे सुरळीत असल्याचा समज होतो. संग्राहकावर, म्हणजे नोंदी गोळा करणाऱ्या यंत्रावर, आलेल्या ४६८८ मध्येही कमांड लाइनचा रकाना भरलेला आहे का, हे तेथे पुन्हा पाहावे. मूळ यंत्रावर पाहिले होते, हे उत्तर चालणार नाही.

तातडीच्या सूचना थोड्याच ठेवाव्यात. सिक्युरिटी लॉग पुसल्याची ११०२. ऑडिट पॉलिसी बदलल्याची ४७१९. नवीन सर्व्हिस बसवल्याची ७०४५. नवीन शेड्यूल्ड टास्कची ४६९८, जिच्यासाठी ‘अदर ऑब्जेक्ट ॲक्सेस’ हा उपवर्ग चालू लागतो. याखेरीज कमांड लाइनमध्ये सर्टयुटिलबरोबर यूआरएल कॅश (फाइल उतरवणे), व्हीएसएसॲडमिनबरोबर डिलीट शॅडोज (विंडोजने ठेवलेल्या शॅडो प्रती पुसणे), नेटशबरोबर पोर्टप्रॉक्सी (जोडणी दुसरीकडे वळवणे), आणि डोमेन कंट्रोलरवर, म्हणजे सर्वांची खाती सांभाळणाऱ्या सर्व्हरवर, एनटीडीएसयुटिलचा कोणताही वापर. रकाना कोरा असेल तर कमांड लाइनच्या या यादीतील पहिल्या तिन्ही सूचना कधीच वाजणार नाहीत, आणि न वाजलेली सूचना ही शांततेसारखीच दिसते.

घड्याळे एकाच वेळेवर असावीत. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा यंत्रणेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांत एनआयसी (राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्र) किंवा एनपीएल (राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळा) यांच्या वेळेशी जुळवून घेण्यास आणि लॉग १८० दिवस भारतात ठेवण्यास सांगितले आहे. तेवढी डिस्क आधीच बाजूला काढावी.

सुट्टीत सूचना कोणाच्या फोनवर जाणार, तो उचलला गेला नाही तर दुसरा कोण, सर्व्हरच्या खोलीची किल्ली कोणाकडे, हे १३ तारखेच्या संध्याकाळपूर्वी लिहून ठेवावे. घटना घडल्यास सर्ट-इनला सहा तासांत कळवावे लागते, आणि ते तास प्रकार लक्षात आल्यापासून मोजले जातात. संशयित यंत्र नेटवर्कपासून तोडावे, पण बंद करू नये. मेमरीतील पुरावा जातो.