ऑईल प्रेशरचा काटा येड्यासारखा वागतोय? इंजिन खोलायच्या आधी हे बघा

जुनी जीप, महिंद्राची कमांडर, एमएम ५४० नाहीतर ऑईल प्रेशरचा वेगळा काटा असलेलं कुठलंही जुनं धूड दारात असेल तर हा प्रकार कधीतरी होतोच, गाडी झकास चाललीय, आवाज नाही, धूर नाही, आणि सहज मीटरकडं बघितलं तर काटा शून्यावर झोपलाय. नाहीतर उलटं, काटा पार शेवटच्या रेघेला जाऊन चिकटलाय. मग कोल्हापूरच्या उद्यमनगरात न्यायची, कोणतरी लांबूनच ऐकून सांगतो "बेअरिंग गेलंय, हाफ इंजिन करायला लागंल" (म्हणजे अर्धं इंजिन खोलायचं काम), आणि आपण पैशाची जुळणी करत बसतो. पण भावांनो, काटा काय सांगतोय ते खरं आहे का हे आधी ठरवायचं. जुन्या गाडीत ऑईलपेक्षा काट्यानं, वायरनं नाहीतर सेंडरनं (इंजिनवरनं काट्याला प्रेशर कळवणारी डबी) दगा दिल्याचं जास्त बघायला मिळतं.

तरी एक गोष्ट आधी. चालत्या गाडीत काटा एकदम पडला तर गाडी बाजूला घ्या आणि इंजिन बंद करा, लगेच. गगनबावड्याच्या रोडला असाल आणि वाटलं की "कळे गावापर्यंत तर जाऊ, तिथं बघू", तर नको. काटा खोटं बोलत असेल तर आपला अर्धा तास जातो, खरं बोलत असेल तर बिनऑईलचं बेअरिंग काही मिनिटांत घासून जातं आणि पाठोपाठ क्रँक, म्हणजे त्या बेअरिंगमध्ये फिरणारा इंजिनचा मुख्य दांडा.

बंद केल्यावर पाच-दहा मिनिटं थांबा, ऑईल इंजिनखालच्या चेंबरमध्ये उतरू दे, गाडी सपाटीला पाहिजे. मग ऑईलची लेव्हल बघायची पट्टी काढून पुसून परत घालून बघा. पट्टीवर फक्त लेव्हल बघून सोडू नका. ऑईल बोटावर घ्या, वास घ्या. डिझेलचा वास येतोय, पाण्यासारखं पातळ लागतंय आणि लेव्हल न घालता वाढलीय, म्हणजे डिझेलचा फीड पंप, मेन पंपाचं सील नाहीतर इंजेक्टरमधनं डिझेल ऑईलमध्ये उतरतंय, अशा ऑईलला प्रेशर धरायची ताकद राहत नाही. दुधाच्या चहासारखा रंग दिसला तर पाणी मिसळलंय, हेड गॅस्केट नाहीतर ऑईल कूलर असेल तर तो बघायला लागणार, आणि तोवर गाडी चालू करायची नाही. फक्त ऑईल घालायच्या टोपणाला आतनं थोडी पांढरी साय लागलीय आणि पट्टीवर ऑईल स्वच्छ आहे तर घाबरू नका, आपल्याकडं पावसाळ्यात नुसती बिंदू चौक ते रंकाळा अशी गाडी फिरवली, इंजिन नीट तापलंच नाही, की वाफ धरून तसं होतंच. लेव्हल कमी असेल तर भरा. जादा भरलं तरी वाईटच बरं का, क्रँक ऑईलमध्ये फिरून फेस करतो आणि फेसाचं प्रेशर काय येणार डोंबल.

आता बरोबर प्रेशर म्हणजे किती. सगळ्यात भरवशाचं म्हणजे त्या इंजिनचं मॅन्युअल. ते नसेल तर जुन्या फिटर लोकांचा ठोकताळा असा, इंजिन पूर्ण गरम असताना दर १००० आरपीएमला (इंजिनचे मिनिटाला फेरे) साधारण १० पीएसआय (प्रेशरचं माप). म्हणजे २००० ला २० च्या आसपास तरी पाहिजे, थोडं जास्त असलं तर उत्तमच. सकाळी थंड इंजिनला काटा ५०-६० दाखवतो आणि जोतिबाचा डोंगर चढून आल्यावर आयडलिंगला (रेस न देता इंजिन नुसतं चालू) १५ वर येतो, हे बिघाड नाही, ऑईल गरम होऊन पातळ झालं की तसंच व्हायचं. मीटरवर आकडे १ ते ५ असे असतील तर ते बहुतेक किलोत आहेत, एक किलो म्हणजे १४ पीएसआयच्या थोडं वर, पीएसआय समजून घाबरलेली माणसं बघितल्यात मी.

मग काटा खोटा का खरा. आधी तुमचा काटा कुठल्या जातीचा ते बघा. जुन्या जीपला काही वेळा मेकॅनिकल मीटर असतो, इंजिनपासनं बारीक पाईप थेट डॅशबोर्डच्या मागं येतो आणि त्यात खरोखर ऑईल असतं. हा सहसा खोटं बोलत नाही, पण पाईप चेपला नाहीतर आत गाळ बसला की काटा हळूहळू चढतो, उशिरा उतरतो, कधी चढतच नाही. सांध्यातनं ऑईल पाझरत असेल तर लगेच करून घ्या, तो पाईप तुटला तर गरम ऑईल पायावर आणि इंजिन रिकामं, दोन्ही एकदम.

दुसरा म्हणजे इलेक्ट्रिकचा, आणि सगळी गंमत यातच आहे. ब्लॉकला एक डबीसारखा सेंडर बसवलेला असतो, त्याला एक वायर, आणि त्याचं अर्थिंग इंजिनच्या अंगातनंच मिळतं. इग्निशन चालू करा, इंजिन नको. वायर सेंडरवरनं काढा, काटा कुठं जातो बघा. मग तीच वायर एक क्षणभर इंजिनच्या उघड्या लोखंडाला टेकवा, काटा दुसऱ्या टोकाला पळाला पाहिजे. कुठल्या मीटरमध्ये टेकवल्यावर शून्यावर जातो, कुठल्यात फुल्लवर, त्यात अडकू नका, एका टोकाकडनं दुसऱ्या टोकाला जातो का एवढंच बघायचं. गेला तर मीटर आणि वायर ठीक, संशय सेंडरवर. हललाच नाही तर वायर तुटलीय, फ्यूज गेलाय नाहीतर मीटर. धरून ठेवू नका हां, जुन्या मीटरच्या आतली तार जळते.

सेंडर बदलताना धाग्यावर टेफ्लॉन टेप गुंडाळायची सवय आहे लोकांना, पाईपफिटिंगसारखी. भरपूर गुंडाळली की सेंडरचं अर्थिंगच तुटतं आणि नवाकोरा सेंडर चुकीचं सांगायला लागतो. शिवाय प्रत्येक मीटरचा सेंडर वेगळा असतो, आटे बसले म्हणून रेझिस्टन्स जुळत नाही, त्यामुळं मीटर आणि सेंडर जोडीचेच घ्या. सेंडरच्या वायरचा टोकाचा लग पण नीट बघा, एका वडापच्या (सीटवर भाडं घेणाऱ्या) कमांडरमध्ये तो लग काळ्या ऑईलनं भिजून हिरवा पडलेला, हातानं नुसता हलवला की काटा १० वरनं ४० वर उडी मारायचा, सँडपेपरनं घासून घट्ट केला की काटा जागेवर, काम संपलं. आणि तिघं चौघं मिळून इंजिनलाच दोष देत होती.

काटा कसा नाचतो त्यावरनं पण बरंच कळतं. खड्ड्याला झटका देऊन उडतोय म्हणजे वायर ढिली. हेडलाईट लावली की काटा सरकतोय म्हणजे अर्थिंगची भानगड, इंजिन आणि बॉडीमधली अर्थिंगची पट्टी काढून घासून बसवा. डिझेल, टेंपरेचर, ऑईल तिन्ही काटे एकदम वर खाली होतायत तर डॅशबोर्डमागचा व्होल्टेज स्टॅबिलायझर बघा, तिन्ही गोष्टी एका वेळी बिघडत नसतात. पण करूळ घाटात वळणाला नाहीतर जोरात ब्रेक मारला की काटा पडतो आणि सरळ झाली की परत येतो, हे मात्र खरं आहे, ऑईल कमी आहे आणि चेंबरमध्ये एका बाजूला पळाल्यावर पंपाच्या जाळीला हवा लागतेय.

एवढं करून पण शंका राहिली तर काट्यानंच काटा काढायचा. सेंडर काढून त्याच जागी मेकॅनिकल गेज लावायचा, आटे जुळणारा ॲडॅप्टर घेऊन. बऱ्याच गॅरेजमध्ये असतो, नसला तर विकत घेतलेला पण फुकट जात नाही. इंजिन पूर्ण गरम करा, थंड इंजिनचं रीडिंग कोणी दाखवत असेल तर ते धरू नका, आणि दोन आकडे लिहून घ्या, आयडलिंगचा आणि साधारण २००० आरपीएमचा. ऑईल प्रेशरचा लाल दिवा असेल तर तो कुठं विझतो ते पण बघा, तो साधारण ५ ते ७ पीएसआयच्या खाली पेटतो, म्हणजे दिवा विझला म्हणून सगळं बरं आहे असं नाही.

आता त्या दोन आकड्यांचा अर्थ. आयडलिंगला कमी पण रेस दिली की चांगलं चढतं, तर बेअरिंगमधला गॅप वाढलाय नाहीतर पंप झिजलाय, बेअरिंगची शक्यता जास्त. लोडवर चढाला खालनं जाड ठक ठक येत असेल तर मग खात्रीच. आयडलिंगला पण कमी आणि रेस देऊन पण फारसं चढत नाही, तर रिलीफ व्हॉल्व्ह (जास्तीचं प्रेशर सोडणारा) उघडा अडकलाय, जाळी गाळानं चोंदलीय नाहीतर पंप संपलाय. व्हॉल्व्ह म्हणजे एक प्लंजर आणि स्प्रिंग, बऱ्याच इंजिनला बाहेरनंच निघतो, खाली एखादा कचऱ्याचा कण अडकला तरी पुरे. काढून डिझेलमध्ये धुवायचा, बोटानं सरकतो का बघायचं.

इथं एक जुगाड सर्रास चालतो, स्प्रिंगखाली वॉशर टाकायचा म्हणजे प्रेशर वाढतं. वाढतं, पण वरचं. हा व्हॉल्व्ह जास्तीचं प्रेशर सोडायला असतो, गरम आयडलिंगला तो ठीक असेल तर बंदच असतो, मग स्प्रिंग ताठ करून झिजलेल्या बेअरिंगला काय फरक पडणार? जाड ऑईल घालून काटा वर आणायचा प्रकार पण जुगाडच, काटा वर येतो, झीज तशीच राहते. जुनी गाडी घ्यायला गेलात तर हे लक्षात ठेवा, विकणाऱ्यानं थंड इंजिनवर काटा दाखवला तर मान डोलवा आणि म्हणा पन्हाळ्याला एक चक्कर मारून येऊ, मग आयडलिंगला बघू.

प्रेशर जास्त दाखवत असेल तर बहुतेक वेळा सेंडर नाहीतर वायरच असते, पण गेजवर पण ८०-९० निघालं तर व्हॉल्व्ह बंद अडकलाय नाहीतर ऑईल फार जाड घातलंय. हे सोडून देऊ नका, फिल्टरचं सील फुटून रस्त्यात चेंबर रिकामा होऊ शकतो.

आणि ऑईल बदलल्यावर लगेच काटा येत नसेल तर फिल्टरकडं बघा, जुन्या फिल्टरचं रबर ब्लॉकलाच चिकटून राहिलं आणि त्यावर नवा फिल्टर बसवला असं बऱ्याचदा होतं, मग तिथनं ऑईल गळतं. ते ठीक असेल तर ऑईल आधी फिरवून घ्यायचं. इंजिन बंद करायची स्टॉपची दोरी असलेली गाडी असेल तर दोरी ओढून धरायची आणि चार-पाच सेकंद स्टार्टर मारायचा, मधे थांबून परत, काटा हलला की मगच दोरी सोडून चालू करायची.

शेवटी चेंबर उतरवायची वेळ आलीच तर फिटरजवळ स्वतः उभं राहा. जाळी बघा, गाळ बघा, तळाशी चकचकीत चुरा दिसतोय का बघा, लोहचुंबक फिरवा, त्याला लागला तर लोखंड, नाही लागला तर बेअरिंगचा मऊ धातू. मेन बेअरिंगची एखादी कॅप उघडून क्रँकला नखानं घासून बघायला सांगा, रेघ लागत नसेल तर नुसती बेअरिंग बदलून भागायची शक्यता आहे, लागत असेल तर क्रँक ग्राइंडिंगला, आणि ती मात्र मायक्रोमीटर लावून मापं घेतल्याशिवाय मशीनवर चढवू देऊ नका.