शंकुपेशींचे काम घरच्या घरी कसे पडताळून पाहावे

दृष्टिपटलावरची, म्हणजे डोळ्याच्या आतल्या प्रकाश टिपणाऱ्या पडद्यावरची, एकही पेशी एकटीने रंग ओळखू शकत नाही. तिने शोषलेला प्रकाश कमी होता की जास्त, एवढेच तिच्या संदेशातून कळते. तो प्रकाश कोणत्या तरंगलांबीचा होता, हे त्या संदेशात उरतच नाही. उजेडात काम करणाऱ्या तीन प्रकारच्या शंकुपेशींच्या प्रतिसादांची एकमेकांशी तुलना होते आणि त्या तुलनेतून रंग ठरतो. हे विधान नुसते वाचून मनात ठसत नाही, म्हणून पुढील प्रयोग प्रत्येकाने, विशेषतः विज्ञान शिकणाऱ्या मुलांनी, स्वतः करून पाहावेत. मोबाइल, एक लाल आणि एक पांढरा कागद, काही रंगीत पेन्सिली आणि अंगणातली किंवा कुंडीतली जास्वंद एवढे साहित्य पुरेसे आहे.

पहिला प्रयोग पिवळ्या रंगाचा असून माझ्या मते तोच सर्वांत महत्त्वाचा आहे. मोबाइलच्या पडद्यावर गडद पिवळ्या रंगाचे चित्र उघडून उजेड पूर्ण वाढवावा. ओल्या बोटाने पडद्यावर मोहरीएवढा पाण्याचा थेंब ठेवावा आणि त्या थेंबातून अगदी जवळून पाहावे. थेंब भिंगाचे काम करतो. त्यातून पिवळा ठिपका कुठेही दिसत नाही. दिसतात ते शेजारी शेजारी उजळलेले लाल आणि हिरवे ठिपके. चित्र बदलून पांढरे केले की त्यांच्या जोडीला निळे ठिपकेही उजळतात. प्रयोग संपताच पडदा मऊ कापडाने पुसून घ्यावा.

पडद्यावर पिवळा प्रकाश नसताना पिवळा रंग दिसतो तो असा. शंकुपेशींचा एक प्रकार सुमारे ५६० नॅनोमीटर तरंगलांबीच्या प्रकाशाला सर्वाधिक प्रतिसाद देतो, दुसरा सुमारे ५३० आणि तिसरा सुमारे ४२० नॅनोमीटरच्या प्रकाशाला. त्यांना अनुक्रमे लाल, हिरव्या आणि निळ्या शंकुपेशी म्हटले जाते, मात्र पहिल्या प्रकाराचा कमाल प्रतिसाद लाल प्रकाशाला नसून हिरवट पिवळ्या प्रकाशाला असतो आणि पहिल्या दोन प्रकारांची प्रतिसादकक्षा बरीचशी एकमेकांत मिसळलेली असते. सोडियमच्या दिव्याचा ५८९ नॅनोमीटरचा शुद्ध पिवळा प्रकाश या दोन प्रकारांना ज्या प्रमाणात उत्तेजित करतो, जवळपास त्याच प्रमाणात पडद्यावरचे लाल आणि हिरवे ठिपके मिळून त्यांना उत्तेजित करतात. त्यामुळे हे दोन अगदी वेगळे प्रकाश मेंदूला सारखेच भासतात. डोळ्यात असे तीनच प्रकारचे ग्राहक असावेत, हा तर्क इंग्लिश शास्त्रज्ञ थॉमस यंग यांनी १८०२ साली प्रसिद्ध झालेल्या व्याख्यानात मांडला आणि पुढे जर्मन शास्त्रज्ञ हेल्महोल्ट्झ यांनी तो विस्ताराने विकसित केला.

दुसऱ्या प्रयोगासाठी लाल कागदाचा चौकोन पांढऱ्या कागदावर ठेवून त्याच्या मध्यावर पेनाने बारीक ठिपका काढावा. डावा डोळा झाकून उजव्या डोळ्याने त्या ठिपक्याकडे अर्धा मिनिट एकटक पाहावे आणि मग नजर कोऱ्या भागावर न्यावी. तेथे निळसर हिरवा चौकोन उमटतो, कारण लाल प्रकाशाला अधिक प्रतिसाद देणाऱ्या पेशींची संवेदनक्षमता त्या जागी तात्पुरती घटलेली असते आणि पांढऱ्या प्रकाशात उरलेल्या दोन प्रकारांचे पारडे जड होते. नजर जाईल तिकडे तो चौकोन सरकतो, यावरून तो कागदावर नसून डोळ्यात आहे हे कळते. आता उजवा डोळा झाकून डाव्याने पाहावे. चौकोन दिसेनासा होतो किंवा फारच पुसट होतो. या प्रयोगासाठी सूर्याकडे किंवा विजेरीच्या झोताकडे कधीही पाहू नये.

तिसऱ्या प्रयोगाला जोडीदार लागतो. आपण समोरच्या भिंतीवरील एका खुणेकडे पाहत राहावे आणि जोडीदाराने एक रंगीत पेन्सिल आपल्या कानाच्या मागून हळूहळू पुढे आणावी. पेन्सिल हलते आहे हे आधी जाणवते, तिचा रंग मात्र बराच उशिरा सांगता येतो. डोळ्यातील साठ लाखांच्या आसपास शंकुपेशींची सर्वाधिक दाटी दृष्टिपटलाच्या मध्यभागी असते आणि कडेला त्या विरळ होत जातात.

चौथा प्रयोग तिन्हीसांजेला करावा. लाल जास्वंद आणि तिची पाने दिवसाउजेडी नीट पाहून ठेवावीत आणि दिवे न लावता अंधारून येईपर्यंत त्यांच्याकडे मधून मधून पाहत राहावे. फूल काळपट होत जाते, पाने मात्र त्या मानाने उजळ वाटू लागतात. मंद प्रकाशात शंकुपेशी मागे पडतात आणि सुमारे ५०० नॅनोमीटरच्या प्रकाशाला सर्वाधिक प्रतिसाद देणाऱ्या दंडपेशी काम हाती घेतात. लाल प्रकाश त्यांना जवळजवळ जाणवतच नाही. चेक शास्त्रज्ञ पुर्किन्ये यांनी हा बदल १८२५ साली नोंदवला होता.

हे प्रयोग करताना एखाद्या मुलाची उत्तरे इतरांपेक्षा वेगळी येत असतील तर त्याला हसू नये. दीर्घ आणि मध्यम तरंगलांबीच्या, म्हणजे वर लाल आणि हिरव्या म्हटलेल्या, शंकुपेशींची जनुके क्ष गुणसूत्रावर असतात, त्यामुळे लाल-हिरवा रंगदोष मुलांमध्ये मुलींपेक्षा कितीतरी जास्त आढळतो आणि तो बहुधा आईच्या बाजूने येतो. रसायनशास्त्रज्ञ जॉन डाल्टन यांनी १७९४ साली आपला हाच दोष वर्णन केला आणि डोळ्यातील द्रव निळा असावा असे कारण दिले. १९९५ साली त्यांच्या जतन केलेल्या डोळ्यातील डीएनए तपासला तेव्हा मध्यम प्रकारच्या शंकुपेशींचे रंगद्रव्यच त्यांना नव्हते, असे निष्पन्न झाले.

शंका आल्यास ‘हा कोणता रंग?’ असे विचारत बसू नये, कारण मुले पानांना हिरवे म्हणायचे हे पाठ करून ठेवतात. नेत्रतज्ज्ञांकडे इशिहारा चाचणी करून घ्यावी. ठिपक्यांमध्ये आकडे दडवलेल्या या पाट्या दिवसाच्या उजेडात आणि छापील स्वरूपातच दाखवाव्यात; मोबाइलवर रंग बदलतात, त्यामुळे तेथील निकाल ग्राह्य धरू नये. रेल्वेचे इंजिन चालवण्यासारख्या कामांत रंगदृष्टीची अट असते, तेव्हा ही तपासणी नोकरीच्या अर्जापर्यंत न लांबवता शाळकरी वयातच करावी.