रंगाखाली लपलेला वॉलपेपर: या चुका टाळा

नाशिकचा गंगापूर रोड असो वा इंदिरानगर, जुना फ्लॅट घेतला की टीव्हीमागची भिंत आधी नीट बघा. वॉलपेपर कुठे असेल तर बहुधा तिथेच, आणि घर विकण्याच्या घाईत त्यावरूनच रोलर फिरवलेला असतो. वरून काही कळत नाही. नव्या रंगाचा पहिला हात बसला की फुगे येतात आणि लोक रंगाच्या नावाने बोटं मोडतात. खरं कारण पाणी. पाण्याचा प्रायमर आणि इमल्शन (पाण्यात मिसळणारा रंग), दोन्हीत ते असतं. कागद ते पितो, फुगतो आणि जुना गोंद सैल होतो.

न तपासता भाव ठरवणं

पेंटर चौरस फुटाचा दर सांगतो, त्यात वॉलपेपर सोलणं धरलेलं नसतं. म्हणून आधी विजेरी भिंतीला टेकवून तिरपी धरा. साधा रोल 53 सेंटिमीटर म्हणजे जवळपास 21 इंच रुंद असतो, मोठा 106 सेंटिमीटर. तेवढ्या अंतराने उभ्या सरळ रेषा दिसल्या, की शंका खरी. एमसीबी (विजेच्या बोर्डातला वीज तोडणारा स्विच) बंद करून स्विचबोर्डची प्लेट काढली तर कडेला कागदाचा थरच दिसतो.

वरची साल निघाली की काम झालं, असं मानणं

व्हिनाइलचा वरचा पापुद्रा मोठमोठ्या पट्ट्यांत निघतो आणि कारागीर खूश होतो. मागे चिकटलेला पातळ पांढरट कागद तसाच राहतो, त्यावर पुट्टी (भिंत सपाट करायचा लेप) ओढली की पुन्हा तेच फुगे.

रंगवलेल्या कागदात पाणी शिरत नाही, म्हणून कटरने चार-पाच इंचांवर हलके छेद द्या. प्लास्टर कापू नका. पाच लिटर कोमट पाण्यात चमचाभर भांडी घासायचं लिक्विड टाका. तीन बाय तीन फुटांचा तुकडा भिजवा, 15-20 मिनिटं थांबा, मग पत्रा (खरवडायची चपटी पट्टी) भिंतीला जवळजवळ सपाट टेकवून सोला. स्विचबोर्डच्या आसपास पाणी मारताना एमसीबी बंदच ठेवा.

जिप्सम प्लास्टर असेल तर पाण्याचा पाइप किंवा घमेलं नको, फवारणीच करा. ते भिजून मऊ पडतं आणि पत्रा आत घुसतो. जुन्या नाशकातल्या वाड्यांच्या माती-चुन्याच्या भिंतींना तर आणखी जपायला हवं. तिथे कागदाबरोबर गिलावाही हातात येतो, आणि डागडुजी चुन्यानेच करावी, सिमेंटची पुट्टी नको.

गोंद न धुणं

सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. कागद गेला की भिंत कोरी दिसते, पण गोंदाचा थर तसाच असतो. त्यावर पुट्टी वा रंग वाळताना गोंद आक्रसतो, बारीक तडे जातात, मग पोपडे सुटतात. ओलं बोट फिरवून बघा. बुळबुळीत लागलं तर गोंद आहे. मैद्याची खळ असेल तर आयोडीनचा थेंब निळा-काळा होतो. पावडरच्या गोंदाला मात्र ही परीक्षा लागू पडेलच असं नाही, तिथे बोटावरच विसंबावं लागतं. कडांना पांढरा गोंद लावलेला असेल तर तो गार पाण्याला दाद देत नाही, गरम पाणी आणि पत्राच लागतो. स्पंज आणि कोमट पाण्याने दोनदा पुसा, बादली गढूळ झाली की पाणी बदला.

वाळायच्या आधी पुट्टी

घटस्थापना झाली की दिवाळीची घाई सुरू होते आणि भिंतीला वेळ कोणी देत नाही. पंखा लावून उघड्या हवेत दोन-तीन दिवस ठेवा, श्रावणात जास्तच. दीड फुटाचा प्लास्टिकचा तुकडा चारी बाजूंनी टेपने चिकटवून एक दिवस ठेवा. आत थेंब जमले तर थांबा. खालच्या फूटभरातच ओल असेल, तर आधी बाथरूमची गळती शोधा.

चुकीची पुट्टी

वॉलपेपर लावताना कारागीर अनेकदा खाली ऑइल प्रायमर मारतात. सोलल्यावर भिंत चकाकत असेल तर पांढऱ्या सिमेंटची पुट्टी तिला धरत नाही. आधी 100 नंबरच्या पॉलिश पेपरने चकाकी मारा आणि ॲक्रिलिक पुट्टी वापरा. जुन्या ऑइल पेंटमध्ये शिसं असू शकतं. तिथे कोरडं घासू नका, पाणी लावून घासा, मास्क घाला.

कोऱ्या, खरबरीत प्लास्टरवर सिमेंटची पुट्टी चालते: किलोला 350 ते 400 मिली पाणी, दहा मिनिटं मुरू द्या, पुन्हा फेटा आणि दोन-तीन तासांत संपवा. दोन हात मिळून दीड मिलिमीटरच्या वर जाऊ नका. खोल खड्डे आधी वेगळे भरा. मग 180, शेवटी 320 नंबरचा पेपर आणि प्रायमर.

कागद काही केल्या सुटत नसेल आणि प्लास्टर उखडायला लागलं, तर हट्ट सोडा. सैल तुकडे कापून काढा, उरलेला पूर्ण वाळू द्या, ऑइल प्रायमर मारा, सांधे ॲक्रिलिक पुट्टीने भरा, घासा, मगच इमल्शन. पाण्याचा प्रायमर थेट कागदावर नको.