रंकाळ्याच्या गाळातनं अँटिबायोटिक बनवणारे जिवाणू कसे शोधायचे

गाळ पाण्याखालचा घ्या, निर्जंतुक बाटलीत भरून थेट कॉलेजच्या लॅबमध्ये न्या, घरी हे अजिबात करू नका. 1 ग्रॅम गाळ 9 मिली निर्जंतुक पाण्यात हलवा, अजून दोन-तीनदा दहापट पातळ करा, मग स्टार्च केसिन अगारवर (जिवाणू वाढवायच्या जेलीसारख्या थराच्या प्लेटवर) पसरून 28 अंशाला ठेवा. इथंच पोरं घाई करतात, दोन दिवसांत प्लेट टाकून देतात! आपण शोधतोय तो जिवाणू, स्ट्रेप्टोमायसिस, हळू वाढतो (1943 मध्ये स्ट्रेप्टोमायसिन हे अँटिबायोटिक ह्याच्यातनंच मिळालं), 7 ते 14 दिवस थांबा. खडूची पूड भुरभुरल्यासारखी, कोरडी, अगारात घट्ट रुतलेली कॉलनी (जिवाणूंचा ठिपका) दिसली की तीच वेगळी वाढवायची, आणि तिचा अगारसकट तुकडा स्टॅफिलोकोकस (दुसरा एक जिवाणू) पसरलेल्या प्लेटवर ठेवायचा. दुसऱ्या दिवशी भोवती स्वच्छ गोल पडला, म्हणजे तिथं स्टॅफिलोकोकस वाढलाच नाही, तर तो मिलीमीटरमध्ये मोजा. प्लेटी 121 अंशाला ऑटोक्लेव्ह (दाबाखालच्या वाफेनं निर्जंतुक) करूनच टाका.