नवजात बाळाची साखर: ‘शांत झोपलंय’ म्हणून या चुका करू नका

‘किती गुणी बाळ! रडत नाही, मागत नाही.’ पहिल्या दिवशी हे ऐकलं की मी आधी बाळाचे तळपाय चाचपते. पाय गार, उचललं तर अंग सैल, छातीशी धरलं तरी तोंड उघडत नाही. ही नुसती झोप नसेल, रक्तातली साखर उतरलेली असू शकते.

नाळ कापली की आईकडून येणारी साखर थांबते. पहिल्या एक-दोन तासांत ती जवळपास सगळ्याच बाळांची उतरते, आणि बहुतेकांची आपोआप सावरते. 37 आठवड्यांआधी आलेली, फार कमी किंवा फार जास्त वजनाची आणि मधुमेही आईची बाळं मात्र अडखळतात. ‘चार किलोचं गुटगुटीत, त्याला कसली शुगर कमी?’ इथेच घरचे फसतात. आईची साखर चढी असली की बाळ पोटातच साखर उतरवणारं इन्सुलिन जास्त बनवायला लागतं, त्यानेच ते गुटगुटीतही होतं. जन्मानंतर साखर बंद होते, इन्सुलिन मात्र लगेच ओसरत नाही.

म्हणून टाचेतून पुन्हापुन्हा रक्त घेतात. ‘किती टोचता हो!’ म्हणत अडवू नका. कित्येकदा वरून काहीच दिसत नाही. बाळाचा हात थरथरला तर हलकेच धरून पाहा. धरूनही थांबलं नाही तर तो झटका, म्हणजे फिट, असू शकतो. थांबलं तरी नर्सला सांगाच.

मध किंवा गुळाचं पाणी चाटवू नका. मधातून जीवघेणी विषबाधा होऊ शकते. पहिल्या तासात चीक पाजा, ओढत नसेल तर पिळून वाटी-चमच्याने. आंघोळीची घाई नको. अंग गार पडलं की ऊब धरायला साखरच खर्ची पडते.

‘पुढे डोक्यावर परिणाम होईल का?’ न्यूझीलंडमध्ये अशा धोक्यातल्या, वेळेवर उपचार मिळालेल्या मुलांचा वर्षानुवर्षं मागोवा घेतला. साखर उतरलेली मुलं साडेचार वर्षांची असताना आखून काम करण्यात आणि नजर-हाताच्या मेळात थोडी मागे दिसली. नऊ-दहाव्या वर्षी अभ्यासात मात्र इतरांच्या बरोबरीने होती. साखर फार खाली जाऊन बराच वेळ तशीच राहिली, झटके आले, तर गोष्ट वेगळी. मेंदूच्या मागच्या भागाला, म्हणजे नजरेला, इजा होऊ शकते.

डिस्चार्ज कार्डावर ‘शुगर लो’ एवढंच असेल तर सर्वांत कमी आकडा आणि किती वेळ तसा होता, हे लिहून मागा. कार्ड लसीकरणाच्या कार्डासोबत ठेवा. दोन वर्षांनी बोलणं उशिरा सुरू झालं, तर डॉक्टर तेच विचारतील.