घरच्या स्मार्टफोनवर डोळ्यांची प्राथमिक तपासणी कशी करावी

घरातल्या वडीलधाऱ्या माणसाच्या एका डोळ्याची नजर हळूहळू अधू होत असली, तरी ती गोष्ट महिनोन्महिने कोणाच्याही, खुद्द त्यांच्याही, लक्षात येत नाही; कारण दोन्ही डोळे उघडे असताना चांगला डोळा दुसऱ्याचेही काम भागवून नेतो. स्मार्टफोनचा खरा उपयोग येथे होतो. डोळ्याला नेमके काय झाले आहे हे फोन सांगू शकत नाही, पण कोणाला डॉक्टरांकडे न्यावे आणि किती लवकर न्यावे, हे ठरवण्यापुरती माहिती तो घरबसल्या देऊ शकतो. अंतर, प्रकाश आणि झाकलेला डोळा या तीन बाबतींत मात्र हयगय चालत नाही.

व्हॉट्सॲपवर फिरणारे अक्षरांचे तक्ते नजर मोजण्यासाठी वापरू नयेत, कारण प्रत्येक फोनच्या पडद्यावर त्यांतील अक्षरे लहानमोठी दिसतात. त्यासाठी मोजमाप पाळणारे ॲप घ्यावे. ‘पीक ॲक्युइटी’ हे असे मोफत ॲप असून केनियातील नाकुरू भागात ते नेहमीच्या तक्त्यांशी ताडून पाहण्यात आले आणि त्याचे निष्कर्ष २०१५ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात इंग्रजी ‘ई’ हे एकच अक्षर चार दिशांना वळवून दाखवले जाते आणि त्याची उघडी बाजू कोणीकडे आहे हे समोरच्याने हाताने दाखवायचे असते, त्यामुळे अक्षरओळख नसलेल्या आजीचीही नजर त्यावर मोजता येते. दुसरे एखादे ॲप वापरणार असाल तर आधी साध्या पट्टीने पडताळून पाहावे: २ मीटरवरच्या तपासणीत ६/६० चे अक्षर सुमारे २९ मिलिमीटर आणि ६/६ चे अक्षर जेमतेम ३ मिलिमीटर उंच असायला हवे. ६/६ म्हणजे सामान्य नजर, तर ६/६० म्हणजे सामान्य नजरेला ६० मीटरवरून दिसणारे अक्षर ६ मीटरवरूनच दिसणे; खालचा आकडा जितका मोठा तितकी नजर कमी.

अंतर डोळ्यांच्या अंदाजाने ठरवू नये. शिलाईच्या टेपने २ मीटर मोजून खुर्ची आणि फोन या दोन्ही जागी जमिनीवर खडूने खूण करावी. तपासणी चालू असताना समोरचा माणूस नकळत पुढे झुकतो, आणि तो १ मीटरवर आला तर ज्याची नजर ६/१२ आहे त्यालाही ६/६ चे अक्षर दिसू लागते. फोन त्यांच्या डोळ्यांच्या उंचीवर सरळ धरावा, पडद्याचा उजेड पूर्ण वाढवावा, फोनमधली रात्रीच्या पिवळसर प्रकाशाची सोय बंद ठेवावी आणि फोनच्या मागे उघडी खिडकी येणार नाही असे बसावे. लांबचा चष्मा असल्यास तो लावूनच तपासावे. एक डोळा तळव्याने झाकावा. बोटांनी झाकल्यास फटीतून दिसते आणि दाबून धरल्यास तो डोळा नंतर काही वेळ अंधुक पाहतो. उत्तर चुकले तरी तसे सांगू नये आणि सूचकपणे मान हलवू नये. नातवंडे तपासतात तेव्हा आजोबांना उत्तीर्ण करण्याचा मोह त्यांना हमखास होतो, म्हणून हे मी मुद्दाम लिहीत आहे.

एखाद्या डोळ्याची नजर ६/१२ किंवा त्याहून कमी भरली, अथवा दोन डोळ्यांत ठळक फरक आढळला, तर जाड कागदाला सुईने साधारण १ मिलिमीटरचे छिद्र पाडून त्यातून तीच अक्षरे पुन्हा दाखवावीत. छिद्रातून स्पष्ट दिसले तर बहुधा चष्म्याचा नंबर बदललेला असतो. फरक पडला नाही तर मोतीबिंदू किंवा डोळ्याच्या आतल्या पडद्याचा (रेटिनाचा) विकार असण्याची शक्यता वाढते. दोन्ही प्रकारांत डॉक्टरांकडे जायचेच आहे. मोतीबिंदू ‘पिकेपर्यंत’ थांबण्याची जुनी समजूत आता सोडून द्यावी, कारण फार पिकलेल्या मोतीबिंदूची शस्त्रक्रिया उलट अधिक अवघड होते. नजर ६/६ आली म्हणूनही निर्धास्त होऊ नये. काचबिंदूत आणि मधुमेहाने पडद्यावर होणाऱ्या बदलांत समोरची नजर बराच काळ शाबूत राहू शकते, म्हणून मधुमेह्यांनी वर्षातून एकदा पडद्याची तपासणी करून घ्यावीच. बंगळूरूच्या रेमिडिओ कंपनीने बनवलेल्या उपकरणासारखे फोनला जोडलेले कॅमेरे या कामी वापरले जातात, पण ती तपासणी प्रशिक्षित माणसाचीच आहे.

डोळ्याचा फोटो काढण्याआधी तो काढण्याची ही वेळ आहे का, हे पाहावे. तंबाखूच्या पुडीतला चुना मुलाच्या डोळ्यात गेला असेल तर फोन बाजूला ठेवून, पापण्या उघड्या धरून, स्वच्छ पाण्याच्या धारेखाली डोळा किमान १५ ते ३० मिनिटे धुवावा आणि थेट दवाखाना गाठावा. अचानक दिसेनासे होणे, तीव्र वेदना, मार लागणे, डोळ्यासमोर वीज चमकल्यासारखे होऊन काळे ठिपके वाढणे, यांतही फोटोच्या उत्तराची वाट पाहू नये. उसाचे पाते किंवा भाताचे कणीस लागून बुबुळावर पांढरा डाग आला असेल तर त्याच दिवशी जावे आणि मेडिकलमधून आणलेले स्टेरॉइडचे थेंब मुळीच घालू नयेत, कारण अशा जखमेत बुरशीचा संसर्ग असेल तर ते तो बळावतात.

बाकी वेळी फोटो दिवसाच्या उजेडात, खिडकीकडे तोंड करून, मागच्या कॅमेऱ्याने काढावा. चेहरा उजळ करणारे फिल्टर बंद करावेत, कारण ते नेमकी लालीच पुसून टाकतात. फोन अगदी जवळ नेल्यास चित्र पुसट येते. त्याऐवजी वीतभर दूर राहून दुपटीने मोठे करावे आणि बुबुळावर बोट टेकवून फोकस साधावा. समोर, वर, खाली, उजवीकडे, डावीकडे पाहताना एकेक, तसेच तुलनेसाठी दोन्ही डोळ्यांचा मिळून एक फोटो घ्यावा.

लहान मुलांबाबत फ्लॅशचे फोटो वेगळ्या नजरेने पाहावेत. फ्लॅशमध्ये बाहुली लाल दिसणे सामान्य आहे. एका बाहुलीत पांढरी किंवा पिवळसर चमक पुन्हा पुन्हा दिसली तर ती जन्मजात मोतीबिंदूची किंवा रेटिनोब्लास्टोमा या डोळ्याच्या कर्करोगाची खूण असू शकते. मूल बाजूला पाहत असताना निरोगी डोळ्यातही अशी चमक कधी कधी येते, तरी ती दिसली की दिवस न दवडता नेत्रतज्ज्ञांना फोटोसह दाखवावे.

डॉक्टरांनी मागितल्यास फोटो व्हॉट्सॲपवर डॉक्युमेंट म्हणून पाठवावेत, म्हणजे त्यांतील बारकावे कमी होत नाहीत. सोबत वय, कोणता डोळा, त्रास कधीपासून, मधुमेह आहे का, कोणते थेंब चालू आहेत आणि दोन्ही डोळ्यांचे वेगवेगळे आकडे लिहावेत. तेच आकडे तारखेसह वहीतही टिपून ठेवावेत आणि पुढची तपासणी त्याच खुर्चीवर, त्याच खुणेवर करावी.