‘फक्त ब्रेक राहिलेत’ म्हणणाऱ्यांनो, या चुका टाळा

“मामा, गाडी एकदम रेडी आहे, फक्त ब्रेक राहिलेत.”

वर्षातून तीन-चारदा तरी हा फोन येतो. जुन्या अँबेसेडरची मागची बाजू कापून हौदा बसवलेला असतो, मेटॅलिक रंग झालेला असतो, टपावर लाईटची पट्टी आणि आत शेजारच्या गल्लीत ऐकू जाईल असा टेप. दीड-दोन लाख तिथे उडाल्यावर खिशात उरलेल्या पाच-सात हजारांत चाकं आणि ब्रेक बसवायचे असतात, तेही रविवारच्या लग्नाआधी. जालन्यात गॅरेज चालवताना माझे केस पांढरे झाले ते वयाने नाही, या ‘फक्त’ने.

अमेरिकेत कारच्या अंगाला हौदा लावलेल्या गाड्या कंपन्याच काढायच्या. फोर्डची रँचेरो १९५७ ला आली, शेवरलेची एल कॅमिनो १९५९ ला. आपली पोरं त्यांचे व्हिडिओ बघतात. तिथे डिस्कब्रेकचं किट खोक्यात येतं आणि ब्रॅकेटपासून पायाचा जोर वाढवणाऱ्या बूस्टरपर्यंत सगळं एकमेकांना जुळणारं असतं. आपल्याकडे भंगारबाजार आहे. डिस्क एका गाडीची, तिला पकडणारा कॅलिपर दुसरीचा, पेडलचा जोर ब्रेकच्या द्रवाला देणारा मास्टर सिलिंडर तिसरीचा. ते एकमेकांशी जुळवायला कोणी सांगत नाही, आणि पुढचा सगळा घोळ तिथूनच होतो.

ब्रेक ऑइल हे ऑइल नाही

हा माझा सगळ्यात जुना राग. आपण त्याला ब्रेक ‘ऑइल’ म्हणतो, तिथेच घात झालाय. ऑइलच आहे ना, मग इंजिनचं उरलेलं घाला, स्टिअरिंगचं घाला, आणि भाग धुवायला आहेच रॉकेल नाहीतर डिझेल. ब्रेकचं द्रव ग्लायकॉलचं असतं आणि आतले रबरी वॉशर त्याच्याच सवयीचे. त्यांना खनिज तेल लागलं की ते फुगतात. फुगलेला वॉशर बाहेरून नव्यासारखाच दिसतो, हा त्यातला खरा त्रास.

अंबडकडच्या एका मोसंबीवाल्यांनी हौशीने अँबेसेडरचा पिकअप करून घेतला होता. बागेतून क्रेट आणायचे आणि पोराच्या लग्नात मिरवायचं, असा दुहेरी बेत. काम गावातल्याच एका मिस्त्रीने केलेलं. तीन आठवड्यांनी फोन आला, “मामा, चाकं जाम होऊ राह्यले.” पहिले पंधरा-वीस किलोमीटर गाडी छान चालायची, मग जड व्हायची, मग पुढच्या चाकांतून धूर. तासभर उभी केली की पुन्हा मोकळी. मिस्त्रीने आधी बेअरिंग बदलले. मग ड्रम लेथवर देऊन आणले. मग चाकांतले ब्रेक दाबणारे चारही व्हील सिलिंडर नवे टाकले. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी. दहा-बारा हजार गेले आणि धूर तसाच.

मी गेलो तेव्हा गाडी बांधाजवळ जाम होऊनच उभी होती. गाडी जाम आहे तोवरच तिला हात लावायचा, थंड झाल्यावर तिच्याकडून काही कळत नाही. मास्टर सिलिंडरजवळचा पाईपचा नट अर्धा आटा ढिला केला, पिचकारी उडाली आणि चारही चाकं मोकळी. म्हणजे दोष चाकांत नव्हताच. मास्टरमध्ये टाकीकडे जाणारं एक बारीक भोक असतं. पाय काढला की जास्तीचं द्रव तिथून परत जातं. वॉशर फुगून ते भोक झाकलं गेलं होतं. द्रव अडकलं, लायनर घासत राहिले, उष्णता वाढली, तापून द्रव आणखी फुगलं आणि पकड आणखी आवळली. विचारल्यावर हेल्पर म्हणाला, “साफ करून बसवलं की मामा, रॉकेलने.” त्याच्या चेहऱ्यावर चांगलं काम केल्याचं समाधान होतं, त्यामुळे मला ओरडताही येईना.

ही तपासणी डोक्यात ठेवा. मास्टरजवळ नट ढिला करून चाक सुटलं, तर दोष मास्टरमध्ये किंवा पेडलमध्ये. तिथे सुटलं नाही, पण चाकाजवळची ब्रेकमधली हवा काढायची निपल उघडल्यावर सुटलं, तर मधला होज पाईप आतून फुगून बंद झालाय. निपल उघडूनही सुटत नसेल तर ड्रमच्या आत काहीतरी अडकलंय. आणि मास्टर खोलण्याआधी पेडलची ढील बघा. दुसऱ्या गाडीचा मास्टर बसवला की पेडलची दांडी बहुतेक वेळा लांब पडते, दट्ट्या पूर्ण मागे येत नाही, आणि वॉशर चांगला असूनही तेच भोक झाकलेलं राहतं. मी दोन-तीन मिलिमीटर ढील ठेवतो.

टाकीत काय घातलंय याचा संशय असेल तर काचेच्या ग्लासात पाणी घ्या आणि टाकीतलं थोडं द्रव त्यात टाका. खरं ब्रेक ऑइल पाण्यात मिसळतं. वर तवंग आला तर कोणीतरी तेल घातलंय. मग शॉर्टकट नाही. मास्टरचं किट, चारही चाकांचे वॉशर, सगळे होज बदलायचे आणि लोखंडी पाईप स्पिरिटने धुवायचे. “नुसतं ऑइल बदलून बघू ना?” असं विचारणाऱ्याला मी चहा पाजतो आणि दुसऱ्या गॅरेजचा पत्ता देतो.

चांगलं ऑइलसुद्धा कायमचं नसतं. ते हवेतला ओलावा पितं. डॉट ३ नवं असताना २०५ अंशांना उकळतं, ओलावा प्यायल्यावर १४० च्या आसपासच. मे महिन्यात मांजरसुंब्याचा घाट भरलेल्या गाडीने उतरताना या दोन आकड्यांतला फरक पायाला कळतो, पेडल स्पंजासारखं होतं. मी डॉट ४ वापरतो आणि दोन वर्षांनी बदलतो. बुडाला ऑइल उरलेली, बुच उघडं राहिलेली बाटली मी फुकटातही घेत नाही. डॉट ५ नावाचं एक सिलिकॉनचं द्रव असतं, आकडा मोठा म्हणून ते यात ओतू नका.

हौदा रिकामा असतो, हे विसरू नका

ही चूक दुसऱ्याची सांगितली असती, पण ती माझीच आहे. पंधराएक वर्षांपूर्वी स्वतःसाठी पिकअप बांधला. मागे माल भरायचा, म्हणून मागचे ब्रेक तगडे हवेत, या हिशेबाने मागे मोठे व्हील सिलिंडर टाकले. भरल्या गाडीला झकास लागायचे. मृगाचा पहिला पाऊस झाला त्या दिवशी मी मंठा रोडने रिकामा परत येत होतो. ट्रॅक्टरच्या चाकांनी शेतातली काळी माती डांबरावर आणून ठेवलेली, वरून पाणी. ती माती साबणापेक्षा वाईट. समोर म्हैस आली, मी पाय दिला, मागची चाकं जागेवर थांबली आणि गाडीचं बूड पुढे यायला निघालं. थांबलो तेव्हा तोंड पुन्हा मंठ्याकडे होतं आणि हौद्याचं फाळकं कडुनिंबाला टेकलेलं. म्हैस उभीच होती.

कारण साधं आहे. मागची सीट, डिकी, काच, अर्धं टप असं सगळं कापून तुम्ही मागचं वजन काढून घेतलेलं असतं. ब्रेक दाबल्यावर उरलेलं वजनही पुढे सरकतं. हलक्या चाकाला जड ब्रेक म्हणजे ते घसरणारच, आणि मागचं चाक घसरलं की गाडी सरळ राहत नाही.

उपाय दोन. पहिला म्हणजे मागचा व्हील सिलिंडर एका सुताने (इंचाच्या आठव्या भागाने) लहान करा. सात सुताचा काढून सहा सुताचा, म्हणजे पाऊण इंची टाकला, तर जोर सुमारे सव्वीस टक्क्यांनी उतरतो. पण मग भरलेल्या गाडीला मागे कमी पडतं. म्हणून दुसरा उपाय, जो मी आता प्रत्येक पिकअपला करतो: छोट्या मालवाहू गाड्यांच्या मागच्या अ‍ॅक्सलवर असतो तो एलएसपीव्ही व्हॉल्व्ह. पाटे दबले की त्याची दांडी हलते आणि मागे दाब वाढतो, गाडी रिकामी झाली की कमी होतो. भंगारात मिळतो, तपासून घ्यावा. दांडीची लांबी जुळवायला माझा अर्धा दिवस जातो, आणि त्या अर्ध्या दिवसाचे पैसे द्यायला गिऱ्हाईक कुरकुरतं. कुरकुरू दे.

हेच सुताचं गणित मास्टरलाही लागू आहे, फक्त उलटं. “मोठा मास्टर, मोठा ब्रेक” हा गैरसमज. सहा सुताच्या जागी सात सुताचा मास्टर टाकला, तर तेवढ्याच ब्रेकसाठी पाय छत्तीस टक्के जास्त दाबावा लागतो. डिस्कच्या कॅलिपरला द्रव जास्त लागतं म्हणून मास्टर मोठा करावा लागतो हे खरं, पण मग बूस्टरही हवा. ड्रममधला लायनरचा शू फिरत्या ड्रमबरोबर स्वतःच ओढला जातो, डिस्कला ती फुकटची मदत नसते.

चाकं: टेप लावा, डोळा नको

चाकाचे नट ज्यांवर लागतात त्या स्टडच्या वर्तुळाचा व्यास म्हणजे पीसीडी, आणि रिमेचा नि गाडीचा तो एकच हवा. चार स्टड असतील तर समोरासमोरच्या दोन स्टडच्या मध्यांतलं अंतर मोजा. पाच असतील तर समोरासमोर स्टड येतच नाही आणि इथेच अंदाजपंचे सुरू होतं. शेजारच्या दोन स्टडच्या मध्यांतलं अंतर मोजा आणि १.७ ने गुणा. ८२ मिलिमीटर आलं तर पीसीडी १३९.७, म्हणजे जुनी जीप किंवा जिप्सी. ६७ आलं तर ११४.३. एवढं केलं असतं तर माझ्याकडे भिंतीला टेकवलेल्या सात रिमा आज कुणाच्यातरी गाडीला असत्या.

सगळ्यात फसवी जोडी ९८ आणि १०० ची. फियाट पालिओचा ९८, स्विफ्टचा १००. रिम स्टडवर चढते, नट लागतात, पोरगा खूश. पण प्रत्येक भोक एक मिलिमीटर बाहेर असतं, एकच नट नीट बसतो, बाकीचे तिरके. साठच्या वेगाला स्टिअरिंग थरथरतं, मग बॅलन्सिंगवर तीन वेळा पैसे जातात, मग नट सुटू लागतात. कानशीने भोकं लांबवणाऱ्यांबद्दल मी काही लिहीत नाही, घरात बायका-पोरं हा मजकूर वाचतात.

रिम घेताना कॅलिपर सोबत न्या. डिस्क बसवल्यावर छोटी रिम कॅलिपरला घासते हे चाक लावल्यावर कळून उपयोग नाही. रुंद रिम बाहेर काढून ऐट येते, पण बेअरिंगवर तरफेसारखा भार येतो. रिम बाहेर सरकवणारी चकती, म्हणजे स्पेसर, मी लावत नाही, विषय संपला. टायरवरचा भाराचा आकडा वाचा: ८४ म्हणजे एका टायरला ५०० किलो, ८८ म्हणजे ५६०. हौद्यात काय भरणार ते आधी ठरवा. आणि टायर घासतो का ते माल भरून, स्टिअरिंग पूर्ण वळवून बघा, रिकाम्या गाडीवर नाही. नट हाताने लावा, समोरासमोर आवळा, आणि पन्नास-शंभर किलोमीटरनंतर पुन्हा. टॉमीवर उभं राहून उड्या मारणं म्हणजे आवळणं नव्हे.

बाकीचं पटापट

कॅलिपरची निपल वरच्या बाजूला हवी. डाव्या-उजव्या कॅलिपरची अदलाबदल झाली की ती खाली जाते, हवा वर अडकते, आणि लोक चार बाटल्या ऑइल ओतून “मास्टर खराब दिसतो” म्हणतात.

फ्रीजवाल्याकडचा तांब्याचा पाईप ब्रेकला नको. मऊ असतो, वाकवायला सोपा, म्हणूनच सगळ्यांना आवडतो. कंपनाने कडक होऊन तडकतो. स्टीलचा घ्या आणि टोक दुहेरी दुमडून पसरवा, म्हणजे डबल फ्लेअर करा.

डिझेल इंजिन टाकलंय? मग बूस्टरला व्हॅक्युम इंजिनातून मिळणार नाही. अल्टरनेटरच्या मागे व्हॅक्युम पंप असलेला बघून घ्या.

कॅलिपरचं ब्रॅकेट दहा मिलिमीटर पट्टीचं, लेथवर केलेलं. गॅसने कापून नकलला (पुढचं चाक धरणाऱ्या लोखंडी भागाला) वेल्डिंग मारलेलं दिसलं तर मी गाडी गेटातूनच परत पाठवतो. बोल्टच्या डोक्यावर मजबुतीचा आकडा, ८.८ किंवा १०.९, लिहिलेला असावा. कोरं डोकं कंपाउंडच्या फाटकाला वापरा.

जुन्या गाडीत चारही चाकांना एकच लाईन असते. एक होज फुटला की चारही गेले. एवढा खर्च करताय तर दोन कप्प्यांचा मास्टर टाका. हँडब्रेक विसरणारे तर इतके आहेत की चाकाखाली लावायच्या विटांचा मी ढीगच ठेवलाय.

कागदांचंही ऐका. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ गाडीच्या मूळ तपशिलात मनमानी बदल करू देत नाही, त्यामुळे कापायच्या आधी आरटीओत विचारा, कापल्यावर नाही. “पन्नास वर्षं जुनी आहे, व्हिंटेजमध्ये टाकू” हेही चालत नाही. २०२१ च्या नियमांत ती नोंदणी मूळ रूपात ठेवलेल्या गाडीला आहे, बॉडी कापलेल्या गाडीला नाही.

काम झाल्यावर मी गाडी लगेच देत नाही. पहाटे रिकाम्या मैदानात आधी वीसच्या वेगाला, मग चाळीसच्या. तेच पुन्हा हौद्यात सरकी पेंडीची पाच पोती टाकून. मग वीस किलोमीटरची फेरी, होईल तितका कमी ब्रेक वापरून, आणि परत आल्यावर चारही चाकांजवळ हात नेऊन बघतो. एखादंच जास्त तापलेलं असेल तर गिऱ्हाईक कितीही घाईत असो, गाडी पुन्हा घोडीवर.